फ्लेक्सवर ‘शेतकऱ्याचा मुलगा’ लिहिणाऱ्या सगळ्या उमेदवारांना खुलं पत्र

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या सगळ्या पक्षांच्या, आघाड्यांच्या आणि अपक्ष उमेदवारांनो, रामराम.

मी मिरज तालुक्यातला ऊस उत्पादक शेतकरी. अडीच एकर जमीन, त्यातली दीड एकर उसाखाली, बाकीच्यात सोयाबीन, हरभरा आणि म्हशीची वैरण. परवा फाट्यावर ट्रॅक्टरची वाट बघत अर्धा तास उभा होतो तेव्हा तुमचे फ्लेक्स एक एक करून सगळे वाचून काढले. एकावर ‘शेतकरीपुत्र’, एकावर ‘बळीराजाचा हक्काचा माणूस’, एकावर ‘मातीत राबलेला, मातीसाठी लढणारा’, आणि एकावर बैलजोडीसोबतचा फोटो. खोटं आहे असं मी म्हणत नाही. या जिल्ह्यात शेतकऱ्याचं पोर कोण नाही, मास्तर बी तेच, कंडक्टर बी तेच, अडत्या बी तेच. पण तिथं उभ्या उभ्या डोक्यात एक प्रश्न आला आणि तो दोन दिवस झाले जात नाही म्हणून हे पत्र लिहितोय. शेतकऱ्याच्या घरात जन्म झाला ही गोष्ट तुम्ही निवडून आल्यावर तुमच्या हातनं नेमकं काय करून घेणार आहे?

हा प्रश्न मला पडला कारण आमच्या जिल्ह्यानं एक शेतकरी माणूस थेट मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपर्यंत गेलेला बघितलाय. वसंतदादा पाटील. सांगलीजवळचं पद्माळे हे दादांचं गाव, कृष्णेच्या काठावरचं. तुमच्यातले निम्मे जण भाषणात दादांचं नाव घेतात, १३ नोव्हेंबरला, त्यांच्या जयंतीला, स्टेटस ठेवता, पुतळ्याला हार घालता. म्हणून म्हणलं की दादांच्याच आयुष्यावरनं बोलू, म्हणजे आपल्या दोघांना ओळखीचं पडेल.

दादांचा जन्म १९१७ चा. लहान असतानाच आईवडील साथीत गेले, आजीनं वाढवलं. शाळा फार झाली नाही. घरची शेती आणि गावातली माणसं हीच काय ती शाळा, आणि त्यात स्वातंत्र्याच्या चळवळीचं वारं लागलं. ४२ च्या चळवळीत भूमिगत झाले, पकडले गेले, सांगलीच्या तुरुंगात टाकले. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आणि तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात, भोवती खंदक. २४ जुलै १९४३ ला दादा आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तटावरनं उड्या टाकून बाहेर पडले. पोलिसांनी पाठलाग केला, गोळीबार झाला, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव हे दोघं त्यात गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते परत पकडले गेले. आमच्या शाळेत दरवर्षी ही गोष्ट सांगायचे आणि आम्ही पोरं कान टवकारून ऐकायचो, अजून पण त्या भागातनं जाताना खंदकाच्या बाजूला नजर जातेच.

पण खरं सांगतो, आता पन्नाशी ओलांडल्यावर मला त्या उडीपेक्षा त्यानंतरच्या गोष्टीचं जास्त वाटतं. गोळी खाल्लेला माणूस, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. स्वातंत्र्य मिळाल्यावर नुसता हार घालून घेत फिरला असता तरी लोकांनी जन्मभर डोक्यावर घेतला असता. १९५२ ला आमदार झालेच होते. आणि मग या माणसानं काय हातात घेतलं तर साखर कारखाना.

ते का घेतलं हे समजायला आमच्या आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं बोलणं ऐकायला पाहिजे होतं. कारखाना यायच्या आधी ऊस म्हणजे गुऱ्हाळ. रात्रभर चुलवाण पेटवायचं, काहीलीत रस आटवायचा, ढेपा पाडायच्या आणि बैलगाडीत घालून सांगलीच्या पेठेत न्यायच्या. तिथं दर कोण ठरवणार, व्यापारी. तोलणार कोण, व्यापाऱ्याचा माणूस. उचल आधीच घेतलेली असायची त्यामुळं मान वर करायची सोय नाही. आण्णा म्हणायचे की गूळ आमचा, पण त्याचं वजन पण त्यांच्या तोंडात आणि दर पण त्यांच्याच तोंडात. मला वाटतं शेतकरी असणं म्हणजे काय ते या एका वाक्यात आहे. वर्षभर राबून तयार केलेली वस्तू विकायला न्यायची आणि काटाही दुसऱ्याच्या हातात, भावही दुसऱ्याच्या हातात. ज्यानं हे सोसलंय, निदान आपल्या आज्याला सोसताना बघितलंय, त्याला सत्ता मिळाली की पहिल्यांदा तो काट्याकडं बघणार. दादांनी तेच केलं.

१९५० ला प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहतांच्या साथीनं सहकारी कारखाना उभा केला होता, म्हणजे वाट पडली होती. दादांनी ती सांगलीत आणली. गावोगाव फिरून शेअर्स गोळा केले. आता शेअर घेणं म्हणजे ॲपवर दोन बोटं फिरवायची गोष्ट झालीय, तेव्हा तसं नव्हतं. आमच्या घरात तो शेअर एक पाडी विकून घेतलेला. आज्जी दोन दिवस जेवली नाही असं आण्णा सांगायचे, कारण ती पाडी तिनं आपल्या हातानं वाढवलेली, पुढच्या वर्षी गाभण राहिली असती, आणि घरातल्या दुधाचं जनावर देऊन हातात काय आलं तर एक कागद. त्या कागदाचा अर्थ तिला नंतर कळला, पहिलं बिल आल्यावर. सहकारात एक गोष्ट फार मोठी होती बघा, एक सभासद एक मत. पन्नास एकरवाल्याला एक मत आणि आमच्या आण्णांना पण एकच मत. सातबाऱ्यावर लहान असलेला माणूस वार्षिक सभेत उठून चेअरमनला प्रश्न विचारू शकतो, ही गोष्ट त्या पिढीला माहीतच नव्हती. आण्णांनी एकदा विचारलेला, मळीचा, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकाचा हिशोब. घरी येऊन आठवडाभर तेच सांगत होते.

सांगलीचा तो कारखाना एकेकाळी आशियातला सगळ्यात मोठा सहकारी कारखाना म्हणून सांगितला जायचा. आज दादांचं नाव असलेला तोच कारखाना भाडेतत्त्वावर दुसऱ्या कंपनीला चालवायला द्यावा लागलाय. यात कुणाचा किती दोष हे मी या पत्रात काढत बसणार नाही, पण पाडी विकून शेअर घेतलेल्या घरातल्या माणसाला हे वाचताना काय होत असेल ते तुम्हाला कळावं एवढीच इच्छा आहे.

आता माझं स्वतःचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा ऊस एका कारखान्याला गेला, नाव घेत नाही. आडसाली लागण, अठरा महिने सांभाळलेला ऊस. चिटबॉयकडं, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडं, पंधरा हेलपाटे घातले तेव्हा तोड आली. तोड आली तर एंट्रीचे पैसे द्या, ट्रॅक्टरवाल्याला खुशाली द्या, नाहीतर फडातनं गाडी बाहेर निघत नाही. एवढं करून ऊस गेला. मी पहिली खेप गावातल्या काट्यावर वजन करून पाठवली होती आणि कारखान्याच्या पावतीत त्याच खेपेला बरंच कमी टनेज आलं. विचारायला गेलो तर म्हणाले वाटेत वाळला असेल. बारा किलोमीटरमध्ये ऊस किती वाळतो हो? आणि बिल मिळालं चौथ्या महिन्यात. त्या चार महिन्यांत सोसायटीचं कर्ज थकलं, पोरीची फी उसनवारीनं भरली.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे, त्यात लिहिलंय की ऊस घातल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातनं तेवढी साखर निघाली तर, टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्यानं नाकारायचा नाही असं साखर आयुक्तालयानं सांगितलेलं आहे. कागदावर सगळं आहे. पण १५ टक्के व्याज हातात पडलेला शेतकरी माझ्या गावात तरी मी बघितला नाही. मग माझा प्रश्न असा की तुमच्या फ्लेक्सवर जो शेतकरी आहे त्यानं हा १४ दिवसांचा विषय कधी काढलाय का? तुमच्यातले काही जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे संचालक आहेत, काही जणांचे काका-मामा चेअरमन आहेत. त्यांनी गाळप संपल्यावर आपल्या कारखान्यानं किती दिवसांनी बिल दिलं हे त्याच फ्लेक्सवर छापावं. बैलजोडीच्या फोटोपेक्षा मला ते वाचायला आवडेल.

पाण्याकडं येतो, कारण दादांचा खरा जीव पाण्यात होता. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या बहुतेकांनी बघितलेला नाही, मी पण तेव्हा जन्मलो नव्हतो, पण घरात सुकडी आणि खडी फोडायची कामं एवढ्या वेळा ऐकलीत की बघितल्यासारखंच वाटतं. त्या काळात दादा पाटबंधारे मंत्री. मग कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचा निवाडा आला, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं आणि २००० सालापर्यंत निवाड्याचा फेरविचार होणार नव्हता, म्हणजे तोवर आपलं पाणी अडवून वापरात आणणं ही आपली जबाबदारी होती. नदीकाठच्या शेतकऱ्याला नदीचं पाणी दिसतं पण वर शेतात येत नाही, हे दुःख काठावर राहिल्याशिवाय कळत नाही. पद्माळ्याचा माणूस होता म्हणून ते दादांना कळलं असणार. आमच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, नदीवर जॅकवेल, तिथनं पाईपलाईन, वर टाकी आणि मग पाटकऱ्याच्या पाळीनं पाणी. माझी दीड एकर आजसुद्धा तशाच एका संस्थेच्या पाण्यावर आहे. एकट्याची ताकद नव्हती, चाळीस जणांनी मिळून कर्ज काढलं आणि चाळीस जणांनी मिळून फेडलं. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांना कृष्णेचं पाणी उचलून न्यायच्या ताकारी-म्हैसाळच्या योजना पण ऐंशीच्या दशकातल्याच.

पण इथं मी दादांचं नुसतं कौतुक करून पुढं गेलो तर ते खरं होणार नाही. पाणी आलं ते आधी काठाला आलं. माझी थोरली बहीण जत तालुक्यात दिलीय, आक्काचा संसार निम्मा टँकरच्या रांगेत गेला. योजना मंजूर होऊन पाणी शेतापर्यंत यायला एक अख्खी पिढी गेली, काही गावं तर अजून वाट बघतायत. त्याच वेळी इकडं काठाला उलटंच झालं. पाणी मिळतंय म्हणून पाटानं सोडत राहिलो, ऊसावर ऊस, आणि मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ भागात चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, वर पांढरा थर, खाली पाण्याची पातळी, हरभरा सुद्धा उगवत नाही. माझ्या चुलत्याची एक एकर अशीच पडून आहे, निचऱ्याची पाईप टाकायची म्हणजे लाखाच्या घरात खर्च, आणि एकट्यानं टाकून उपयोग नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सगळ्यांनी मिळून टाकली तर पाणी ओढ्याला निघतं. दादांच्या पिढीला पाणी आणायचं काम होतं, त्यांनी ते केलं. आपल्या पिढीचं काम वेगळं आहे, आलेलं पाणी वाटायचं आणि जास्तीचं बाहेर काढायचं. तुमच्या जाहीरनाम्यात नवीन योजना बऱ्याच दिसल्या, निचरा हा शब्द मला कुठं सापडला नाही. आणि ठिबकचं अनुदान किती महिने अडकून राहतं हा पण विषय कुणी घेतला नाही.

पुराचं पण बोलायला पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा तुमच्यातले बरेच जण बोटीतनं आले, किट वाटली, रात्र रात्र जागलात, ते मी विसरलो नाही आणि विसरणार पण नाही. पण पाणी ओसरल्यावर कुजलेल्या उसाचा पंचनामा करायला जो माणूस आला त्याच्यासोबत बांधावर कोण आलं नाही. पूर असताना फोटो निघतो. पंचनाम्याला फोटो निघत नाही, पण आमचं वर्ष तिथंच ठरतं.

शिक्षणाचं सांगतो थोडक्यात. १९८३ ला दादा परत मुख्यमंत्री झाले आणि विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजना परवानगी दिली. तोवर आपली पोरं पैसे घेऊन कर्नाटकात जायची. स्वतः फार न शिकलेल्या माणसानं हा निर्णय घेतला याचं मला कायम विशेष वाटत आलंय. बुधगावला, इथं, माळरानावर इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं आणि आमच्या भावकीतली दोन पोरं अशा कॉलेजांमुळं इंजिनिअर झाली, एक आज पुण्यात आहे, एक जर्मनीत. पण त्याच वाटेनं पुढं डोनेशन आलं, शिक्षणाचे सम्राट आले, आणि आज माझ्या पोरीच्या फीसाठी मला म्हैस विकायचा विचार करावा लागतो. निर्णय चांगला होता की वाईट यावर गावातल्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात. माझं मत असं की दार उघडलं ते बरोबर केलं, दारात कोण उभं राहून पैसे घेतंय हे बघायचं काम नंतरच्यांनी केलं नाही. आणि नंतरचे म्हणजे तुमचेच नेते, सगळ्या पक्षांचे.

खुर्चीचं पण बघा. आणीबाणीच्या काळात शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातनं बाहेर पडावं लागलं तेव्हा दादांनी राजकारणातनं निवृत्ती जाहीर केली आणि गावाकडं आले. १९७७ ला लोकांनी काँग्रेसला झोपवलं आणि मग पक्षानं ह्याच माणसाला बोलावून मुख्यमंत्री केलं. ७८ ला काँग्रेसचे दोन गट एकत्र आले, दादा मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, आणि चारेक महिन्यांत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले, सरकार पडलं, पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर हा शब्द तेव्हापासून जो महाराष्ट्राच्या राजकारणात आला तो अजून गेलेला नाही. १९८० ला सांगलीतनं खासदार, ८३ ला परत मुख्यमंत्री, ८५ ला निवडणूक जिंकून परत मुख्यमंत्री, आणि तीन महिन्यांत राजीनामा. कारण काय तर प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं ते पटलं नाही. मुख्यमंत्रीपद होतं हो ते, ग्रामपंचायतीचं सदस्यपद नव्हतं. तो रुसवा बरोबर होता की चूक यावर मला बोलायचं नाही, पक्षातल्या भांडणात आम्हा शेतकऱ्यांना रस नसतो. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. ज्याला परत जायला गाव आहे, माती आहे, चार माणसं बांधावर वाट बघतायत, त्याला खुर्ची सोडायची एवढी भीती नसते. नंतर राजस्थानचे राज्यपाल झाले, तिथंही मुदत पुरी करत बसले नाहीत, ८७ ला परत आले. १ मार्च १९८९ ला दादा गेले. त्या दिवशी आमच्या गावात चुली पेटल्या नाहीत. मी लहान होतो, आण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले, पायात चप्पल तशीच, एवढं आठवतं. मांजरीच्या साखर संशोधन संस्थेला, जी ऊस उत्पादकांनीच १९७५ ला उभी केली होती, त्याच वर्षी दादांचं नाव दिलं. मी लावतो ते उसाचं बेणं कुठनं येतं हे ज्याला माहीत आहे त्याला त्या नावाची किंमत कळेल.

तुमच्यातले तरुण जे पहिल्यांदा उभे राहिलेत त्यांना एक वेगळं सांगायचंय. दादांच्या नंतर त्यांच्या घरातले खासदार झाले, मुलगा झाला, नातू झाले. दुसऱ्या घरांतही तेच आहे. तुम्हाला वाटत असेल की आपल्या मागं घराणं नाही, कारखाना नाही, आपलं काय होणार. तर बाबांनो, दादांच्या मागं पण घराणं नव्हतं, आईबाप सुद्धा नव्हते. त्यांच्याकडं गावं होती, आणि गावातली माणसं नावानं माहीत होती. तुमच्याकडं आज मोबाईलमध्ये पाच हजार नंबर आहेत, पण तुमच्या गटातल्या किती विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहतं हे विचारलं तर सांगता येईल का? किती बायकांचं नाव सातबाऱ्यावर आहे? माझ्या घरातली सगळी भांगलण माझ्या बायकोनं केलीय आणि सातबाऱ्यावर नाव माझं एकट्याचं आहे, ते मी या वर्षी बदलून घेतोय, तलाठी कार्यालयात अर्ज दिलाय. शेतकरी म्हणजे फक्त फेटा बांधलेला पुरुष नाही, तेवढं फ्लेक्सवाल्याला सांगा.

आणि बीडकडनं जी माणसं येतात ऊस तोडायला, पहाटे चारला फडात, कडाक्याच्या थंडीत, लहान पोरं उसाच्या पाचटावर झोपवून, ती पण शेतकरीच आहेत, त्यांची पण गावाकडं एक-दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. त्यांची मतं तुमच्या गटात नाहीत म्हणून त्यांचा विषय कुठल्याच सभेत निघत नाही. माझ्या फडात गेल्या वर्षी आलेल्या टोळीत एक दहा वर्षांची मुलगी होती, तोडलेल्या उसाची मोळी बांधायला आईला मदत करायची. तिला विचारलं कितवीत, तर म्हणाली दिवाळीपर्यंत चौथीत. हे वाक्य माझ्या डोक्यातनं गेलेलं नाही. साखरशाळा चालू आहेत म्हणून कागद रंगवलेले असतात, आमच्या शिवारात तरी त्या मुलीला न्यायला कुणी आलं नाही. तुम्ही निवडून आलात तर जिल्हा परिषदेची शाळा तुमच्या हाताखाली येते. त्या मुलांना हंगामापुरतं जवळच्या शाळेत बसवायला आमदार-खासदार लागत नाही, तुमचं एक पत्र आणि मास्तरांशी नीट बोलणं पुरेसं आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. मतं मागायला याल तेव्हा आमच्या गावात स्टेज घालू नका, साऊंड लावू नका. दुपारी या, बांधावर या. आम्ही वीस-पंचवीस जण असू. प्रत्येकानं फक्त एवढंच सांगायचं की काट्याचं काय करणार, बिलाच्या १४ दिवसांचं काय करणार, क्षारपड जमिनीतल्या निचऱ्याला चार गावं एकत्र कशी आणणार आणि तोडीवाल्यांच्या पोरांना शाळेत कोण नेणार. यातलं जे तुमच्या हातात नाही ते हातात नाही म्हणून सरळ सांगा, आम्हाला राग येणार नाही, शेतकऱ्याला नाही ऐकायची सवय असते. जे हातात आहे त्याची तारीख सांगा. मी वहीत लिहून घेणार आहे, आणि पुढच्या वर्षी त्या तारखेला फोन करणार आहे. आण्णांनी मळीचा हिशोब विचारला होता तसा.

माझा खोडवा, म्हणजे आधीच्या तोडीच्या बुडख्यातनं फुटलेला ऊस, अजून उभा आहे, तुरे आलेत, तोड कधी येईल माहीत नाही. त्याच्या शेजारी चिंचेचं झाड आहे, सावली चांगली पडते. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी या, सोमवारी पाण्याची पाळी असते. चहाचं मी बघतो.

तुमचा,
मिरज तालुक्यातला एक सभासद शेतकरी